हुकूमबाई

गावात तिला सगळे हुकूमबाई म्हणत. खरं नाव सालोमी. पण एखादी गोष्ट ती का करते असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "हुकूम हाय." सुगीत रविवारी जास्त मजुरी मिळायची, तरी ती त्या दिवशी रानात जायची नाही, शेजारच्या गावी प्रार्थनेला चालत जायची. हुकूम हाय. तिच्याकडे शिलाई मशीन होतं; चोळीला दिलेल्या खणातली उरलेली चिंधीसुद्धा ती घडी घालून परत करायची. हुकूम हाय. कुणाचा हुकूम, असं विचारलं तर ती कलेक्टरचं नाव घ्यावं तशा आवाजात सांगायची, "येशूचा." लोकांना ते पटायचं नाही. कुणी म्हणायचं, हिला पाद्री शिकवून पाठवतो. कुणी म्हणायचं, अमेरिकेतून सांगावा येतो. फायदा नसताना माणूस काही करतो, यावर आमच्या गावाचा विश्वास नव्हता.

माझा तर नव्हताच. मी कंधारच्या किराणा दुकानदाराची लेक. तराजूच्या पारड्याखाली कुणाचं बोट आहे, हे बघायला मी परकरी वयातच शिकले. लग्न होऊन शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या या गावी आले, तरी ती नजर माझ्याबरोबरच आली.

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आमच्या ह्यांची बदली लातूरच्या नव्या कचेरीत झाली होती, ते शनिवारी यायचे. धाकटे दीर प्लॉटांच्या व्यवहारात पडले होते, ते मनात आलं की यायचे. आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे धरलेले. मामंजी आडव्या हाडाचे, त्यांना कुशीवर वळवताना माझा दम निघायचा. पाठीला जखमा पडायला लागल्या होत्या.

अशात एके दिवशी सकाळी हुकूमबाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. उंच, काळीसावळी, कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर.

"मालकाचं अंग पुसून देत जाईन म्हणते," ती म्हणाली.

आत्याबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. "काय घेशील?"

"काय न्हाई."

"मग तर नकोच," आत्याबाई म्हणाल्या.

तिनं मजुरी मागितली असती तर आम्ही तिला लगेच आत घेतलं असतं. ती गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आली. तोवर मामंजींच्या पाठीचा वास ओसरीपर्यंत यायला लागला होता. आत्याबाईंनी मला आत नेलं आणि हळूच म्हणाल्या, "येऊ दे तिला. पण तू तिच्यावरची नजर काढू नगंस. तिचं आपल्याशी जुनं हाय."

जुनं काय होतं, ते मला शेजारणीनं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात गावची माणसं खडी फोडायच्या कामावर जायची. जवळची वाट आमच्या मळ्यातून होती. विहिरीला थोडं पाणी होतं, त्यावर जगवलेला भाजीपाला येणारी-जाणारी तुडवतात म्हणून मामंजींनी त्या वाटेवर बाभळीचे काटे टाकून ती बंद केली. हिचा नवरा याकोब हगवणीनं खलास व्हायला आला होता. त्याला बैलगाडीत घालून ती मळ्याशी आली. मामंजी तिथंच उभे होते. ती त्यांच्या पाया पडली. ते म्हणाले, "आज तुझ्यासाठी काढले तर उद्या सगळ्यांसाठी काढावे लागतेत. ओढ्याकडून जा." ओढ्याकडून वळसा लांबचा होता. दवाखाना यायच्या आधीच याकोब गाडीत गेला.

हे कळल्यावर मला दुसरं काय वाटणार? विष! दुसरा कसला हुकूम असेल या बाईला? मी रोज तिच्यासमोर बसायला लागले. ती पाणी कोमट करायची, कडुनिंबाचा पाला घालायची, मामंजींना एका हातानं कुशीवर घ्यायची आणि जखमा पुसायची. पेज ती भरवणार म्हटल्यावर मी वाटी आधी नाकाला लावली. तिनं ते पाहिलं. तिनं चमचाभर पेज आपल्या तळहातावर ओतली, तोंडात टाकली, आणि मग मामंजींना भरवली. त्या दिवसापासून रोज तसंच. चिडणं नाही, टोमणा नाही. त्यामुळं माझा संशय आणखीच वाढला. एवढा अपमान गिळणाऱ्या बाईच्या पोटात काय असेल?

आमच्या घरचं ती काही खायची नाही. चहा दिला तर "नगं" म्हणायची. पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं. आणि मामंजींशी गोड बोलणंही नाही. हसणं नाही, "कसं वाटतंय" नाही. मी एकदा विचारलंच, "तुला त्यांचा राग येत नाही?"

"येतो की," ती पाठ पुसता पुसता म्हणाली. "लई येतो. पहिल्या दिवशी तर वाटलं, ह्यांना कुशीवर टाकून तसंच निघून जावं."

"मग का करतेस?"

"वैऱ्याचं करा म्हणून हुकूम हाय. राग गेल्यावर करा, असं न्हाई त्यात."

तिच्याकडे संशयानं बघणारे आम्ही एकटेच नव्हतो. बौद्धवाड्यातले गुरुजी एकदा आमच्या दारावरून जाताना थांबले. ती ओसरीच्या कडेला मामंजींची धुणी पिळत होती. गुरुजी माझ्यादेखतच तिला म्हणाले, "सालोमीबाई, आपल्या बापजाद्यांनी यांची गुरं ओढली, यांचे उकिरडे उपसले. आपण त्यातून बाहेर पडलो. तू परत तेच करायलीस?"

तिनं पिळलेलं धोतर झटकलं. "तवा ह्यांचा हुकूम होता, गुरुजी. आता ह्यांचा न्हाई."

गुरुजी पटल्यासारखे गेले नाहीत. तिच्या प्रार्थनेच्या मंडळीतही कुजबुज होती की हिला आमच्या वाड्यावरून धान्य मिळतं. आणि तिचा मुलगा शमुवेल नांदेडला रेल्वेच्या कामावर होता, तो सुट्टीत आला तेव्हा भर रस्त्यात आईवर ओरडला, "ज्यानं बापाला मारलं त्याचं अंग पुसतीस? काय दिलं त्यानं तुला?" ती म्हणाली, "काय न्हाई दिलं." तो म्हणाला, "खोटं बोलतीस." त्याच दुपारच्या गाडीनं तो परत गेला आणि आईशी बोलायचं त्यानं सोडलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात होती. डोळे सुजलेले.

मग एक दिवस मामंजींना उलट्या सुरू झाल्या. अंग गार पडलं. योगायोगानं दीर घरी होते. त्यांनी हुकूमबाईच्या हातातली वाटी उडवली. "घातलंस ना शेवटी!" असं म्हणत त्यांनी तिला दंडाला धरून पायरीखाली ढकललं. गल्ली गोळा झाली. ती उठली, गुडघ्याची माती झटकली आणि दीरांकडे न बघता मला म्हणाली, "कुशीवर ठेवा. उताणं ठेवू नका, उलटी नरड्यात जाईल."

मी कुशीवर ठेवलं. डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली आणि विचारलं, पोटात काय गेलंय? मी पेजेचं सांगायला तोंड उघडलं. पण त्या दिवशीची पेज मीच केली होती, आणि तिनं आधी खाल्लेली मी पाहिली होती. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या पदराशी चाळा करत होत्या. मला दुकानातली ती नजर आठवली. मामंजींच्या उशाखाली हात घातला तर कागदाची पुडी निघाली. माहूरच्या जत्रेत कुण्या वैदूनं अर्धांगावर दिलेली भुकटी. आत्याबाई ती पहाटे गुळातून चारत होत्या.

"बरं व्हावं म्हणूनच दिली गं," त्या रडायला लागल्या.

हुकूमबाईला बोलवायला कुणी गेलं नाही. पण सकाळी ती आलीच. दीर दारात तोंड धूत होते. त्यांनी खाली मान घालून म्हटलं, "तुला लाज कशी न्हाई गं?"

"हाय की," ती म्हणाली. "सरका जरा."

ते सरकले.

त्यानंतरची एक सकाळ मला लख्ख आठवते. ती मामंजींची पाठ पुसत होती आणि मी दाराशी तांदूळ निवडत होते. मामंजी जड जिभेनं काहीतरी म्हणत होते. "का... टे." तिला वाटलं, गादीत काही टोचतंय. तिनं चादर काढली, गादीवरून हात फिरवला, पुन्हा चादर घातली. मामंजींनी डावा हात वर केला, मळ्याच्या दिशेला. "काटे," ते म्हणाले, आणि त्यांचं तोंड वाकडं होऊन त्यांना रडू फुटलं.

तिच्या हातातलं फडकं थांबलं. ही उठून जावी असं मला वाटलं, इतकी मी घाबरले. आता ही काय करील?

"व्हय, मालक," ती म्हणाली. "काटे होते."

एवढंच. माफ केलं असं म्हणाली नाही. तिनं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि राहिलेली पाठ पुसून काढली.

शनिवारी हे आले तेव्हा मामंजींनी पुन्हा मळ्याकडे हात केला, आणि आम्हांला कळलं. ह्यांनी गडी लावून वाटेवरचा, दुष्काळापासून तसाच राहिलेला काट्यांचा कूप काढून टाकला. गाव त्या वाटेनं यायला-जायला लागलं. हुकूमबाईच्या घरापासून आमच्याकडे यायलाही तीच वाट जवळची होती. ती मात्र शेवटपर्यंत ओढ्याकडूनच आली. मी विचारलं तर म्हणाली, "त्या वाटंनं पाय चालत न्हाई माझा. त्याचा हुकूम काय आलेला न्हाई."

मामंजी गेले तेव्हा ती अंगणात कोपऱ्यात उभी होती. आता काहीतरी मागेल, असं आत्याबाईंना अजूनही वाटत होतं. खरं सांगायचं तर मीही वाट बघत होते. तेरावं झालं. ती आली नाही. काही दिवसांनी कळलं, की मशीन विकून ती नांदेडला मुलाकडे चालली आहे. मी एसटीच्या थांब्यावर गेले.

"त्यानं बोलावलं का?"

"न्हाई."

"दारात उभं करील का?"

"कुणास ठाऊक." तिनं बोचकं मांडीवर ओढलं. गाडी येईपर्यंत आम्ही दोघी बसलो होतो. ती घाबरलेली आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदाच दिसलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी एक पिकल्या मिशीचा माणूस आमच्या दारात आला. आत येईना. "मी शमुवेल," तो म्हणाला. "आई गेली मागच्या महिन्यात." त्यानं तिला घरात घेतलं होतं, शेवटपर्यंत सांभाळलंही होतं, पण तो विषय दोघांनी कधी काढला नव्हता. आता त्याला झोप लागत नव्हती. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता, की मला ती नजर ओळखीची वाटली.

"खरं सांगा, वहिनी. तुमच्या घरून तिला काय मिळायचं?"

"मी रोज समोर बसायचे," मी म्हणाले. "तिच्यावर पहारा करायलाच बसायचे. चहासुद्धा घेतला नाही तिनं. पाणी स्वतःच्या तांब्यातलं."

"तुम्ही तर म्हणणारच."

मग मी त्याला सगळं सांगितलं. वाटी हुंगल्याचं, दीरांनी ढकलल्याचं, पुडीचं, मामंजींच्या रडण्याचं. आमच्या घराला शोभणारं त्यात काहीच नव्हतं. ऐकता ऐकता तो पायरीवर बसला. चप्पल काढली. मी भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं. तो कितीतरी वेळ ताटाकडे बघत राहिला, आणि मग सावकाश जेवला. त्याचा विश्वास बसला की नाही, ते त्यानं सांगितलं नाही. ताट मात्र त्यानं स्वतः धुतलं, पालथं घातलं आणि नांदेडच्या गाडीसाठी निघाला.