दोन ट्रकांच्या मधलं वाक्य

बाईंचं बोट वर गेलं की समजावं, हायवेवरून ट्रक येतोय. शहागडची आमची शाळा रस्त्याला इतकी लागून, की ट्रक वर्गातूनच गेल्यासारखा वाटतो. बाई थांबायच्या. धडधड ओसरली की म्हणायच्या, "पुस्तक उघडा." पुन्हा ट्रक, पुन्हा बोट. "चित्र बघा." शेवटच्या बाकावरच्या पोरानं बघितल्याशिवाय पुढचं वाक्य नाही.

बाई मराठी शिकवायच्या, मी पलीकडे गणित. मध्ये नुसता पत्रा. "सर, तुमचं वाक्य शहागडला चढतं ते थेट गेवराईला उतरतं," असं त्या मला सगळ्यांदेखत म्हणायच्या.

घरीही तेच. मुलीच्या लग्नात बँडवाल्यांसमोर उभं राहून हात उंचावत त्यांनी सांगितलं, "थांबा. नवरी येऊ द्या. मंग वाजवा." इतका शहाणा बँड तुम्हीही कुठे पाहिला नसेल.

सातवीत एक मुलगी उर्दू शाळेतून आमच्याकडे आली. बाईंच्या तासाला काम करायची, बाकीच्या तासांना मिटल्या पुस्तकासमोर बसून राहायची. तिचे वडील रस्त्यावर पंक्चर काढतात. एक दिवस ते तिचं नाव काढायलाच आले. "सगळे सर म्हणतेत, पोरगी नुसती बसून राह्यली. मंग घरीच बसू द्या, आईला हातभार तरी लागंल."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांना वर्गात नेऊन मुलीशेजारी बसवलं, समोर पुस्तक ठेवलं आणि पत्रा वाजवून मला बोलावलं. "सर, यांना काम सांगा. तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं. बिलकुल कमी करू नका."

मला काय, रंगमंचच मिळाला. "तर आता आपण सर्वांनी नदीच्या पाठातील चित्राचं निरीक्षण करून, त्याखालील उताऱ्यात जो शब्द चित्राशी संबंधित असेल तो, अर्थात आधी उतारा वाचून..." असं मी बोलत गेलो. गिऱ्हाइकाशी घडाघडा मराठी बोलणारा तो माणूस मान डोलवत राहिला. "कळलं?" मी विचारलं. "जी, बराबर," तो म्हणाला. पुस्तक मात्र मिटलेलंच. बापलेक अगदी एकसारखे बसले होते.

मग बाईंनी पुस्तक डोक्यावर धरलं. "पुस्तक उघडा." दोघांनी उघडलं. "नदीचं चित्र शोधा." दोघांनी शोधलं. "खाली 'नदी' शब्द आहे. त्याला गोल करा." वडिलांनी भलत्याच शब्दाला गोल केला. मुलीनं हळूच त्यांचं मनगट धरून पेन्सिल सरकवली. "अब्बा, इधर."

तो बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिला. "इसकू तो आता है," स्वतःशीच म्हणाला. नाव काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि घरी नीट टेकायच्या आतच गेल्या. ती पंक्चरवाल्याची मुलगी आता नववीत, माझ्या वर्गात आहे. परवा एक प्रमेय सांगताना मी असा काही रंगात आलो होतो, की स्वतःच्याच आवाजावर खूश होतो. तेवढ्यात ती उभी राहिली. तिला आपणहून उभं राहिलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"सर, कळलं न्हाई. पहिलं काय करायचं, तेवढंच सांगा."

मला इतका आनंद झाला की खडू हातात तसाच धरून मी बाईंना सांगायला पत्र्यापाशी गेलो. पलीकडे नवे सर कविता म्हणत होते.