वेलांटी आणि मैदानाची भिंत

रस्त्यावरच्या बॅनरवर चुकीची वेलांटी दिसली की ती स्कूटर थांबवायची. मागचा टेम्पोवाला हॉर्न देत राहायचा, रिक्षावाले बाजूने शिव्या घालत जायचे. ती एक पाय जमिनीवर टेकवून 'हार्दीक अभीनंदन' शेवटपर्यंत वाचायची, तोंड वाकडं करायची आणि मगच पुढे निघायची. जर्सीचं कापड बघायला जाताना एकदा मी तिच्या मागे बसलो होतो. "तुमच्या दुकानातून गेलंय का हे?" मी विचारलं. "न्हाई सर," ती म्हणाली, "पन वाचायला तर मलाच लागलं ना."

तिचं खरं नाव मीना. दिल्लीगेटजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात ती ग्राफिक डिझायनर होती. मजकुरातल्या चुका काढते म्हणून दुकानातल्या लोकांनी तिला वेलांटी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे सगळेच म्हणू लागले. मी शाळेत खेळाचा शिक्षक. संध्याकाळी उपनगरातल्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवतो. स्पर्धेच्या बॅनरचा मजकूर घेऊन मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो, तेव्हा कागदावर ठळक लिहिलं होतं : 'भव्य क्रिडा महोत्सव'. तिने तो वाचला आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"क्रीडा दीर्घ असती, सर."

"सगळीकडे असंच लिहितात."

"सगळीकडं चुकतंय मग. आन खेळाचा शब्द हाय, त्यात जोर नको का?"

मैदान समितीच्या लेटरहेडवरही 'क्रिडा'च होतं आणि त्याखाली मी कित्येक वर्षं सह्या केल्या होत्या. त्या दिवसापासून मी तिला थोडा घाबरूनच होतो.

ती पाथर्डी तालुक्यातली. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि ही मावशीकडे राहून शिकायची. मावशीचं घर एसटी स्टँडला लागून. गाड्यांच्या पाट्या बघत आपण अक्षरं शिकलो, असं ती सांगायची. "जुन्या पेंटरनं काढलेला 'श' बघा कसा बसायचा मांडी घालून. आता सगळी अक्षरं उभी, धक्काबुक्की करत्यात." दोन वर्षं चित्रकलेचं कॉलेज केलं, मग नगरला आली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. तिच्या वाट्याला आले ते वाढदिवसाचे बॅनर. वर साहेबांचा फोटो, खाली शुभेच्छुकांची तीस-पस्तीस डोकी, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत मजकूर. "डोक्यांना जागा हाय, अक्षरांना न्हाई," ती वैतागून म्हणायची. शहराचं नाव बदललं तेव्हा जुन्या फायलींमध्ये नवं नाव घालताना दुकानातली माणसं त्यावर तासन्‌तास वाद घालायची. ती त्या वादात कधी पडली नाही. नाव कुठलंही असो, ते नीट लिहावं, एवढंच तिचं मत होतं.

मुलींच्या जर्सीचं काम मी तिच्याकडे दिलं. दुसरा कोणी असता तर इंटरनेटवरून नमुना उचलून संध्याकाळपर्यंत पाठवला असता. ही तीन दिवस मैदानाच्या कडेला येऊन बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "सर, पकड कमरंला असती. कापड तिथं गोळा हुतं आन नंबर दिसत न्हाई. नंबर वर घेते, खांद्याच्या मधी." मग तिने एकेका मुलीला पाठीवर काय नाव हवं ते विचारलं. मी इतकी वर्षं त्यांना शिकवतोय, मला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. बहुतेकींनी स्वतःचं नाव सांगितलं. राणी नावाच्या आमच्या चढाईपटूने आईचं नाव मागितलं. वेलांटीने कारण विचारलं नाही. फक्त स्पेलिंग विचारावं तसं, "काना की मात्रा?" एवढं विचारून लिहून घेतलं.

रविवारी तिचं वेगळंच आयुष्य असायचं. शहरात भिंती रंगवणारा चार-पाच जणांचा एक गट होता. कोणी बँकेत, कोणी एमआयडीसीत कामाला. परवानगी मिळेल त्या भिंतीवर ते चित्रं काढायचे. त्यांच्या चित्रांवर लगेच कोणीतरी क्लासच्या जाहिराती चिकटवायचं, नाहीतर पानाच्या पिचकाऱ्या मारायचं. "भिंत म्हंजे सगळ्यांचीच असती," ती म्हणायची, "म्हंजे कुनाचीच नसती." तरी पुढच्या रविवारी ती पुन्हा ब्रश घेऊन हजर.

आमच्या मैदानाची रस्त्याकडची लांब भिंत तिच्या नजरेत होती. समितीकडून मी तोंडी परवानगी मिळवून दिली. कागदावर घ्यावं असं तेव्हा मला सुचलं नाही. चार रविवार काम चाललं. तिने आमच्या सातही मुली भिंतीवर काढल्या, माणसाच्या दुप्पट उंचीच्या. राणी सर्वांत पुढे, एक पाय लांब टाकून रेषेकडे झेपावलेली. आणि तिच्या तोंडातून निघून भिंतभर धावणारी अक्षरं, 'कबड्डी कबड्डी कबड्डी'. सुरुवातीला मोठी, मोकळी. पुढे पुढे ती बारीक होत जायची, एकमेकांना चिकटायची. अगदी टोकाला रेषेजवळ नुसता एक 'क' उरायचा. दम संपत आलेला माणूस कसा दिसतो ते मी आयुष्यभर पाहिलंय, पण ते असं लिहिता येईल हे मला माहीत नव्हतं. बस थांबली की आतले लोक ते मोठ्याने वाचायचे आणि वाचता वाचता त्यांनाच दम लागायचा.

राणीचे वडील सोनईला शेती करतात. पोरीचं चित्र रस्त्यावर लागलंय असं कोणीतरी त्यांना सांगितलं, म्हणून ते बघायला आले. मी मनातून धास्तावलो होतो. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

"ही आमची राणी हाय का?"

"व्हय दादा," वेलांटी म्हणाली.

"पाय लई मोठा काढला."

"पाय मोठाच हाय तिचा. त्याच्यावरच तर बोनस घेती."

बोनस म्हणजे समोरच्या संघाच्या बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून मिळणारा जादा गुण, हे त्यांना मी समजावलं. ते ऐकून त्यांनी मुलीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. जाताना त्यांनी वेलांटीला घरच्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली. आम्ही सगळ्यांनी तिथेच भिंतीला टेकून त्या खाल्ल्या.

ती भिंत जेमतेम आठ महिने टिकली. पुढे जे झालं त्यात मी होतो, म्हणून ते नीट सांगायला हवं.

आमच्या मुली मातीत सराव करायच्या. मोठ्या स्पर्धा मात्र मॅटवर होतात. मातीतून मॅटवर गेलं की पाय वेगळाच पडतो. दोघींचे गुडघे त्यातच गेले. मॅटसाठी मी सगळीकडे अर्ज करून थकलो होतो. तेवढ्यात एका खासगी क्लासच्या मालकांनी मॅट देऊ केली. बदल्यात त्यांना रस्त्याकडची भिंत जाहिरातीसाठी हवी होती. समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाची हरकत?" चिटणीस माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, चित्र काय, परत काढता येईल. मॅट परत येणार नाही." दुसरी भिंत द्या, निम्मी द्या, चित्राच्या वर पट्टी घ्या, असं बोलायला माझ्याकडे बरंच होतं. मी बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते दोन गुडघे होते, हे खरं. पण अध्यक्षांपुढे तोंड उघडायचं धैर्य नव्हतं, हेही तितकंच खरं. मी मान खाली घातली. ठराव एकमताने मंजूर झाला.

तिला सांगायचंही मी टाळलं. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला. आणि क्लासवाले त्या जाहिरातीचं काम घेऊन नेमके तिच्याच दुकानात गेले. दुकानाच्या शेठनी मापं तिच्यापुढे ठेवली. लांबी वाचूनच तिला कळलं असणार ही भिंत कोणती. त्या मैदानात तितक्या लांबीची दुसरी भिंत नाही.

मला हे कळलं ते पेंटर चुन्याचा हात मारायला आले तेव्हा, त्यांच्याच तोंडून. मी तसाच दुकानात गेलो. ती स्क्रीनपुढे बसली होती. स्क्रीनवर क्लासच्या मालकांचा फोटो, टक्केवारी मिळवलेल्या मुलांचे फोटो, आणि मोठ्या अक्षरात मजकूर. फार सुंदर अक्षर होतं. प्रत्येक शब्दाभोवती मोकळी हवा. तसं काम त्या क्लासला शहरात दुसऱ्या कोणी करून दिलं नसतं.

"वेलांटी, तू हे कसं काय..." मी विचारलं.

"त्यांनी 'गुणवत्ता यादित' लिहून आनलं हुतं. मी दीर्घ केलं." तिने मान वळवली नाही.

"तू नाही म्हणायचंस. दुसऱ्याने केलं असतं."

"त्यानं वाईट केलं आस्तं. मंग ते वाईट रोज माझ्याच पोरींच्या तोंडावर बसलं आस्तं." मग तिने विचारलं, "मॅट आली का, सर?"

"आली."

"चांगली हाय?"

"चांगली आहे."

"मंग झालं की," ती म्हणाली. ती चिडली असती, रडली असती, मला काही लागेल असं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने तशी सोय केली नाही.

दोन महिन्यांनी ती पुण्याला गेली. कुठल्याशा कंपनीत मोबाईलच्या ॲपची बटणं काढते. फोनवर म्हणाली, "इथं लई शांत हाय. चुका काढायला मीटिंग असती." हे ती कौतुकाने म्हणाली की कंटाळून, ते मला समजलं नाही. रविवारच्या गटातले बाकीचे पांगले. जाहिरातीत आता पुढच्या वर्षीच्या मुलांचे फोटो आहेत, ते दरवर्षी बदलतात. मुली मॅटवर खेळतात. राणीची राज्याच्या संघात निवड झाली. म्हणजे चिटणीसांचा हिशेब चुकला असं मला म्हणता येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच.

यंदा मैदानाच्या मागच्या बाजूला नवी भिंत झाली. मी वेलांटीला फोन केला. "रंगवशील का?"

"भिंत कुनाची हाय?"

"समितीची."

"पाच वर्षं कुनी हात लावनार न्हाई, असं लिहून आना, सर. सही-शिक्क्यासकट. मंग येते."

तसं पत्र मी स्वतः लिहिलं. चार महिने ते अध्यक्षांच्या टेबलावर आहे. दर मंगळवारी मी कार्यालयात जातो. साहेब बाहेरगावी असतात, शिक्का कपाटात असतो, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असते. परवा चिटणीस म्हणाले, "सर, एवढं काय त्या भिंतीत? फ्लेक्स लावू की एखादा मस्त."

"सही होईपर्यंत मी इथे बसतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंखा बंद केला आणि ते जेवायला गेले. मी बसून राहिलो.