गज वर राहिला

आमच्या घरात बंदूक आहे असं सांगितलं की शहरातल्या मैत्रिणी माझ्याकडे अशा बघतात, जणू मला दरोडेखोरांच्या घरात दिलं आहे. तसं काही नाही. रानडुकरांपासून पीक राखायला सासऱ्यांच्या नावावर परवाना आहे, आणि बंदूक तरी कसली, ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर नारळाचा काथ्या गजाने ठासायचा, थोडे छर्रे, पुन्हा काथ्या, आणि सगळ्यात शेवटी मागे छोटी तांब्याची टोपी बसवायची. टोपी नसेल तर चाप कितीही ओढा, काही होत नाही. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत येते. माझ्या माहेरी जाण्यापेक्षा तिचं येणं-जाणं जास्त.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आदी गज, मग दारू." म्हणजे भरायच्या आधी नुसता गज नळीत सोडून बघायचा. गजाला एका जागी पितळी तार गुंडाळलेली आहे. नळी रिकामी असली की ती तार तोंडाशी टेकते, आत बार असला की वर राहते. शिवाय भरलेल्या बंदुकीच्या चापाला लाल चिंधी बांधायची, ही घरची रीत. लग्न होऊन आले तेव्हा मीठ-मिरचीचे डबे दाखवायच्या आधी मला ही चिंधी दाखवली होती.

गेल्या खंडेनवमीला त्या चिंधीवरूनच घोळ झाला. म्हणजे तेव्हा तरी आम्हाला तसंच वाटलं.

त्या दिवशी आमच्याकडे विळे, कुऱ्हाडी, फवारणीचा पंप, मोटरचा स्टार्टर, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते आणि सगळ्यांना लाल नाडा बांधतात. सासूबाईंनी बंदूकही पुसली. चापाची चिंधी तेलकट झाली होती, ती सोडून त्यांनी चुलीत टाकली आणि विळ्याला बांधला तसाच नाडा बंदुकीलाही बांधला. मामांनी नारळ फोडला. त्याची कुंकवाने लाल झालेली शेंडी मात्र त्यांनी आधीच सोलून सदऱ्याच्या खिशात घातली होती. त्या दिवशी बार भरायचा तर पूजेच्या नारळाच्याच काथ्याने, हा त्यांचा नेम. माझ्या नवऱ्याला असले नेम नाहीत. तो ठासायला जुनं वर्तमानपत्र फाडतो, आणि मामा त्याला आळशांचा राजा म्हणतात.

दिवस कलताना मक्यात डुकरं शिरल्याची हाक आली. मामा बंदूक घेऊन निघाले, मागून मी बॅटरी घेऊन. बांधावर उभं राहून त्यांनी थेट दारू ओतली. आधी गज सोडून बघितला नाही. मला खटकलं, पण म्हटलं, घाईत असतील. मग काथ्या ठासला, छर्रे टाकले, पुन्हा ठासला. गज थांबला तेव्हा पितळी तार चांगली वीतभर वर होती. एरवी चार बोटं असते. की जास्त असते? इतकी वर्षं बघत आले होते, आणि ऐन वेळी मला काही केल्या आठवेना.

"मामा, गज वर राहिला."

"काथ्या जास्त झाला आसंल."

"लई वर हाय. आत आदीचा बार तर न्हाई ना?"

"आगं, चिंधी कुठं हाय चापाला? ह्यो तर पूजेचा नाडा. रिकामीच हुती बंदूक."

त्यांनी खिशातून टोप्यांची डबी काढली. मी ती हिसकावली आणि कमरेला खोचली.

सुनेने सासऱ्याच्या हातातून वस्तू ओढून घ्यायची, हे आमच्याकडे अजून कुणी ऐकलेलं नाही. मामा ओरडले, "येडी हायस का तू?" तिकडे डुकरं कडाकडा मका मोडत होती. खरं सांगते, मला खात्री नव्हती. मी त्यांचा जीव वाचवतेय की भर बांधावर तमाशा करतेय, तेच कळत नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याने आधी दारू भिजावी म्हणून नळीत पाणी ओतलं, बंदूक कोपऱ्यात उभी केली आणि मग भांडण सुरू झालं.

"तुमीच भरून ठेवली आसंल," मी नवऱ्याला म्हणाले. चार दिवसांपूर्वी तोच बंदूक घेऊन रानात गेला होता.

"माजा बार उडाला हुता! चिंधी तेवढी सोडायची राहिली."

"उडाला हुता तर ऐकू कसा आला न्हाई कुनाला?"

"मी एकदाच भरली," मामा म्हणाले. "आज, बांधावर. एकदाच."

मग सगळ्यांची गाडी सासूबाईंवर वळली. चिंधी त्यांनी काढली, कुणाला सांगितलं नाही. मामा बोलले, नवरा बोलला, मीही तोंड सोडलं. त्या गहू निवडत बसल्या होत्या. "मला वाटलं मळकी हाय," एवढंच म्हणाल्या. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. चिंधी होती म्हणजे भरलेली, पण नवरा म्हणतो रिकामी. मामा म्हणतात एकदाच, आणि गज तर वर. सगळेच खरं बोलत होते आणि तरी हिशोब जुळत नव्हता.

दसरा तोंडं फुगवून गेला. आपट्याची पानं दिली-घेतली, पण सोनं घ्या म्हणताना कुणी कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बंदूक आणि परवाना घेऊन नगरला गेलो. पाटीवर अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडी नगरच. तिथे बंदुका दुरुस्त करणारा परवान्याचा कारागीर आहे. त्याने नळीतला माल उकरून कागदावर काढला आणि मान हलवली.

"दोन बार होते. एकावर एक."

"उडवला असता तर?" नवऱ्याने विचारलं.

"जुनी नळी आहे. दारू पेटली की तिला बाहेर पडायला वाट लागते. इथं माल दुप्पट आणि वाट गच्च बंद. मग ती नळी फाडून वाट काढते. आणि चाप ओढणाऱ्याचं तोंड तिथंच असतं, बघा."

नवऱ्याने कागदाकडे बोट केलं. काळ्या चिखलात काथ्याचे बोळे पडले होते. वर्तमानपत्राचा कपटाही नव्हता. सगळा काथ्या, आणि भिजूनही त्याचं कुंकू पुरतं गेलेलं नव्हतं. वरच्या बाराचाही आणि खालच्या बाराचाही.

मामांनी एक बोळा उचलला. "ह्यो तर आपल्या पूजेच्या नारळाचा." मग दुसरा उचलला. "ह्यो बी." दोन्ही तळहातावर ठेवून त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "मग पयला बार भरला कुनी?"

तो काथ्या पूजेनंतर फक्त त्यांच्याच खिशात होता. दुपारी कधीतरी त्यांनी बंदूक भरली होती, चिंधी बांधायची विसरले होते, आणि संध्याकाळपर्यंत भरल्याचंच विसरले होते. हा माणूस आम्हाला सगळ्यांना गज शिकवणारा. मला तिथेच रडू यायला लागलं, म्हणून मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

घरी पोचलो तर सासूबाई दारातच होत्या. मामांनी त्यांनाही तेच विचारलं. "दोनी बार आपल्याच नारळाचे निगाले. भरलं कुनी, काय कळंना."

त्यांनी आधी लेकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमच्या तोंडावरून त्यांना काय ते कळलं.

"मी चिंधी काढली, त्यातच घोळ झाला बगा," त्या म्हणाल्या. "माजंच चुकलं."

"मग! मी तेच म्हनत हुतो," मामा म्हणाले आणि मोकळे होऊन पाय धुवायला गेले.

मी स्वयंपाकघरात शिरले. त्यांची माफी मागायची होती, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. "डबी तुज्याकडंच ऱ्हाऊ दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मागितली तर म्हन, टोप्या संपल्या."

दोन-तीन दिवसांनी मामांनी मागितलीच. मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हणाले, "संपल्या, मामा."

"संपल्या? आगं, पंधरा दिवस बी न्हाई झालं आनून. डबी भरल्याली हुती."

"न्हाई मामा. संपल्या."

ते दारात तसेच उभे राहिले. मग कपाळ चोळत म्हणाले, "आसंल बाई. मलाच हल्ली ध्यानात ऱ्हात न्हाई." आणि जाऊन ओट्यावर बसले.

डबी माझ्या कमरेलाच होती, भरलेली. त्या दिवशी त्यांना सगळं बरोबर आठवत होतं.