चीवर उतरल्यावर

वडील गेले तेव्हा मी रडलो नाही. ते लोणंदला रेल्वेच्या गँगमध्ये होते, नव्या रुंद रुळांची देखभाल करायचे. एके दुपारी खाली बसले ते उठलेच नाहीत. आम्ही बौद्ध झाल्यापासून घरात सुतक, मुंडण, पिंड सगळं बंद. वंदना झाली, माणसं पांगली, आणि मी जेवलो, झोपलो, कॉलेजला गेलो. आईला या शांतपणाची धास्ती वाटू लागली. "ह्यो असाच दगड व्हायचा," म्हणत तिने मला सांगलीच्या विहारात श्रामणेर व्हायला धाडलं. म्हणजे थोड्या दिवसांचा भिक्खू. मी हो म्हटलं. त्या वर्षी मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

डोकं भादरलं, अंगावर चीवर आलं. पहाटे डोळे मिटून येणारा-जाणारा श्वास बघायचा, दुपारनंतर जेवायचं नाही. श्वासाबरोबर बाजारातल्या हळदीचा वास यायचा, दुसरं काही नाही. विहारातल्या म्हाताऱ्या भन्तेंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "काही वाटत नाही ना? मग तेवढंच बघत बस." मला त्यांचा रागसुद्धा आला नाही.

शेवटच्या दिवशी आई न्यायला आली. चीवर अजून अंगावरच होतं. तिने वाकून तीनदा वंदन केलं, माझ्या भिक्षापात्रात भाकरी ठेवली आणि हात चटकन मागे घेतला. बाईने भिक्खूला शिवायचं नसतं. "जेवा, भन्ते," म्हणाली. जिने मला चड्डी घालायला शिकवलं तिने! हसू यायला हवं होतं. आलं नाही.

जेवणानंतर चीवर उतरवून विजार-सदरा घातला आणि आम्ही गाडीत बसलो. आई तरीही शेजारी अंग चोरूनच बसली होती. समोरच्या पटकेवाल्या म्हाताऱ्याने माझा गोटा न्याहाळला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं रं, पोरा?"

तसं काही नाही, हे मुंडण धम्मातलं आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. समजावून सांगायची मला भारी हौस.

"बाप," मी म्हणालो.

"लय वंगाळ झालं," म्हातारा म्हणाला.

श्वास घशातच अडकला. इतके दिवस बघत होतो तोच श्वास. मग मी रडलो, भरल्या डब्यात, मोठ्याने. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो गरम होता, फार खरखरीत होता, आणि लोणंद येईपर्यंत तिने तो काढला नाही.