तायडेसाहेब आणि जसे सापडले तसे कागद

श्री. भास्करराव तायडे यांची आणि माझी पहिली भेट बहरीनमधल्या सित्र्यातल्या एका कारखान्यात, बिघडलेल्या मीटरपाशी झाली. मी डोंबिवलीहून नुकतीच आलेली केमिस्ट होते आणि कंपनीच्या बसमध्ये कुठं बसायचं हेही मला अजून उमगलं नव्हतं. प्रयोगशाळेतलं मीटर चुकीचं दाखवतं अशी तक्रार गेली होती. पण माणूस येईपर्यंत आमच्या इन्चार्जनी स्वतःच स्क्रू फिरवून ते जागेवर आणून ठेवलं. मग इन्स्ट्रुमेंट विभागाचे सुपरवायझर तायडेसाहेब आले. त्यांनी मीटर पाहिलं आणि विचारलं, "ॲज फाउंड रीडिंग किधर है?"

"खलास, अब तो ठीक है ना?" इन्चार्ज म्हणाले.

"ठीक अभी है. पहले कितना गलत था, वो कौन बताएगा?"

उपकरणाला हात लावण्याआधी ते किती चुकत होतं हे लिहून ठेवायचं, ही त्यांच्या धंद्यातली शिस्त. त्या दिवशी तायडेसाहेबांनी सही केली नाही. इन्चार्ज रागावले, वरपर्यंत गेले. वरच्यांनीही साहेबांना समजावून पाहिलं. साहेब शांतपणे ऐकत राहिले आणि सही शेवटपर्यंत केलीच नाही. मला वाटलं, हा मराठी माणूस इथं फार दिवस टिकायचा नाही. ते निवृत्त होईपर्यंत टिकले, आणि आज मुलाच्या व्हिसावर, हिद्दला मुलाच्या घरी, पंच्याहत्तरी साजरी करत आहेत.

या गौरवग्रंथाच्या समितीने मला 'तायडेसाहेबांचा मनमिळाऊ स्वभाव' असा विषय दिला आहे. साहेब मनमिळाऊ आहेत यात शंकाच नाही. मला सातवा महिना होता तेव्हा कंपनीची बस मला हमरस्त्यावर उतरवून निघून जायची. पुढचं अंतर त्या उन्हात चालत जावं लागे. मी कुणाकडे तक्रार केली नव्हती. एके दिवशी साहेब मागच्या बाकावरून उठले, ड्रायव्हरशेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "यल्ला भाई, मॅडम को दरवाजे तक." त्यानंतर माझ्या बाळंतपणाच्या सुट्टीपर्यंत बस रोज माझ्या इमारतीच्या दारात थांबली. त्यांच्या घरी, कमलताईंच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खात मी कितीतरी शुक्रवार घालवले आहेत. बुद्धवंदना झाली की ताई मला पहिलं ताट वाढत आणि म्हणत, "खाय माय, डोंबिवलीत हे भेटत नाई."

पण मनमिळाऊपणावरच थांबायला सांगितलं गेलं आहे त्यामागे कारण आहे. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते.

साहेबांची कन्या संघमित्रा तायडे आज अमेरिकेतील नामवंत कवयित्री आहेत. त्या इंग्रजीत लिहितात, त्यांचे संग्रह तिकडच्या वर्गांत शिकवले जातात, आणि एका अमेरिकन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यांचे सगळे खासगी आणि वाङ्मयीन कागद कायमचे जतन करायला मागितले आहेत. ही बातमी आली आणि आपल्या मोतीबंदर मराठी मंडळाला एकदम आठवलं की या कवयित्री इथल्या, आपल्या मनाम्यात वाढलेल्या. साहेबांच्या अमृतमहोत्सवाचा हा ग्रंथही त्यानंतरच ठरला. आनंदच आहे. उशिरा का होईना, वाट सापडली.

तर हीच संघमित्रा शाळेत होती तेव्हाची गोष्ट. इथल्या मुलांसारखीच तीही मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. तरी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तिनं हट्टानं मराठीत कविता लिहिली. विषय साधा होता. आपली माणसं परदेशात भेटली की हसून 'आडनाव काय?' विचारतात, मग 'गाव कुठलं?' विचारतात, आणि उत्तर कळलं की त्यांचं हसू जरा आखडतं. हे तिनं कंपनीच्या सहलीत वडिलांच्या शेजारी बसून पाहिलं होतं. कविता 'जागेअभावी' साभार परत आली. त्या वर्षीची स्मरणिका माझ्याकडे आहे. तिच्या शेवटी 'वाचकांच्या नोंदींसाठी' म्हणून दोन पानं कोरी सोडलेली आहेत.

मुलीने परत आलेली कविता आणि ते साभार पत्र एकाच टाचणीने टाचून आपल्या ट्रंकेत टाकलं. पुढं ती शिकायला गेली, तिथलीच झाली. ट्रंक साहेबांच्या पलंगाखाली राहिली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर साहेबांना कागद कसे बांधायचे ते समजावलं, तेव्हा तंत्रज्ञानाच्या मदतीला म्हणून मी तिथं होते. त्या म्हणाल्या, काहीही नव्यानं लावू नका, जे ज्याच्याजवळ सापडलं ते त्याच्याजवळच ठेवा. साहेबांचा चेहरा उजळला. "ॲज फाउंड, मॅडम?" त्यांनी विचारलं. "एक्झॅक्टली, सर," बाई म्हणाल्या. एवढ्यावर दोघांचं जमलं. साहेबांनी बाब अल बहरीनच्या बाजारगल्लीतून दोरीवाले पांढरे टॅग आणले, आणि ट्रंकेतल्या एकेका थराचा फोटो काढून मगच कागदाला हात लावला. इथल्या दमट हवेत टाचण्या गंजल्या होत्या. गंज कागद खातो म्हणून त्या काढायच्या होत्या. त्या जोडीपाशी आल्यावर साहेब थबकले. टाचणी काढली, दोन्ही कागद एका घडीत ठेवले आणि टॅगवर लिहिलं: 'टाचणीने जोडलेले सापडले. टाचणी काढली.'

यानंतर चार दिवसांनी, त्या टॅगची बातमी कानावर गेल्यावर, मंडळाचे कार्याध्यक्ष मिठाईचा डबा घेऊन हिद्दला आले. मीही होते. मी असेन याची त्यांना कल्पना नसावी.

"काका, बाकी सगळं जाऊ द्या हो अमेरिकेला," ते म्हणाले. "तेवढा एक कागद काढून ठेवा. त्या पत्रावर मंडळाचा शिक्का आहे. इतकी जुनी गोष्ट, त्यावेळची कमिटीही आता इथं नाही. उद्या तिकडं कुणी वाचलं तर मंडळाचं नाव कसं दिसेल?"

"जसं होतं तसं दिसन," साहेब म्हणाले.

"पण आता आपण बदललोय ना? तुमचा सत्कार करतोय, ग्रंथ काढतोय."

"बदलले असान तर चांगलंच हाय, साहेब. पन आधी काय होतं ते लिवलं नाई, तर बदल झाला हे कोन मानन?"

कार्याध्यक्षांनी मग आवाज खाली आणला. ग्रंथाला सगळ्यांचं सहकार्य लागतं, काही जुने सभासद नाराज आहेत, कदाचित ग्रंथ रखडेल, असं काहीसं ते म्हणाले. साहेबांनी मिठाईचा डबा उघडला, पहिला पेढा त्यांच्याच हातावर ठेवला आणि म्हणाले, "ग्रंथ तुमचा हाय. रखडू द्या. कागद माह्या लेकीचा हाय."

"चहा थंड होऊन राह्यला," कमलताई म्हणाल्या. विषय तिथं संपला.

मला त्या संध्याकाळी साहेबांचा फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना तोंडावर सांगितला. त्यावर त्यांनी काय केलं, ते माझ्या मते या ग्रंथात यायलाच हवं. ते आत गेले आणि ट्रंकेतलं दुसरं एक पत्र घेऊन आले. मुलीने अमेरिकेत इंजिनिअरिंग सोडून कवितेचा रस्ता धरला तेव्हा त्यांनीच तिला लिहिलेलं. सुट्टीवर आली तेव्हा तीच ते परत आणून ट्रंकेत ठेवून गेली होती. साहेबांनी मला ते वाचून दाखवलं. 'कवितेने कोणाचं पोट भरलं आहे? आम्ही कशातून वर आलो ते तू विसरलीस. मला मुलगी होती असं मी समजणार नाही.' शेवटच्या वाक्याला कमलताईंनी मान दुसरीकडे वळवली.

"संघमित्रा म्हने, बाबा, हे काढून टाका, माही हरकत नाई," ते म्हणाले. "काहून काढू? मंडळाचा कागद ठेवायचा अन् माहा काढायचा? मीबी चुकत होतो. किती चुकत होतो ते लिवलेलं ऱ्हावू द्या."

ते पत्रही गेलं. बहरीनच्या बंदराकडे जाणाऱ्या टेम्पोत खोकी चढली तेव्हा साहेब रस्त्यात उभे होते, आणि टेम्पो वळेपर्यंत आत यायला तयार नव्हते. पोहोचल्याचा निरोप विद्यापीठाकडून आला आहे. दोन्ही कागद, मंडळाचा आणि साहेबांचा, आता तिथल्या थंड, कोरड्या खोलीत आहेत, आणि जगातला कुणीही अभ्यासक ते मागून वाचू शकतो. आपल्यालाही वाचता येतील. तिकीट काढून जावं लागेल इतकंच.

हा लेख समितीकडे दिल्यावर मला मधला भाग 'थोडा सौम्य' करायला सांगण्यात येईल, याची मला खात्री आहे. मी तो करणार नाही. छापायचा तर अख्खा छापा. नाही छापला, तर मी तो फोटोकॉपी करून सत्काराच्या दिवशी दाराशी उभी राहून वाटीन. माझी निवृत्तीही जवळ आली आहे, मला आता कुणाकडून प्रमोशन नको आहे. ज्या माणसाने स्वतःविरुद्धचा कागद स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवला, त्याचा गौरव खोटा-खोटा, घासूनपुसून करणं मला जमणार नाही. तो त्यांचा अपमान ठरेल.

आणखी एक. यंदाच्या स्मरणिकेत संघमित्रा यांची ती कविता, न छापल्याच्या कारणासकट, पहिल्या पानावर छापावी, असा ठराव मी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मांडला आहे. गेल्या बैठकीत तो पुढे ढकलला गेला. त्याआधीच्या बैठकीतही ढकलला गेला होता. मी तो पुन्हा मांडणार आहे, आणि नंतरही मांडत राहणार आहे.

तायडेसाहेब, वडीलधाऱ्यांना दीर्घायुष्य चिंतण्याची आपली पद्धत आहे. मीही मनापासून चिंतते: तुमची साखर ताब्यात राहो, गुडघे साथ देवोत, कमलताईंच्या हातची भाकरी तुम्हांला रोज पचो. पण हे तुमच्या सुखासाठीच मागते आहे असं समजू नका. तो ठराव मंजूर व्हायला आम्हांला किती वर्षं लागतील याचा भरवसा नाही, आणि ज्या दिवशी ती कविता मंडळाच्या व्यासपीठावरून मोठ्यानं वाचली जाईल, त्या दिवशी तुम्ही पहिल्या रांगेत बसलेले असायलाच हवेत. तोपर्यंत तुम्हांला जायची परवानगी नाही.