फुकटच्या धुरावरचा टर्बो

आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. माणूस असा चिकट, की जांभई आली तरी अर्धीच देतील आणि उरलेली उद्याला ठेवतील. लोक त्यांना फुकटराव म्हणत, आणि त्यांना तो मान वाटे!

त्यांचा एक जुना डिझेल ट्रक होता. डोंगरावर बांधकाम निघालं आणि सिमेंट वर न्यायचं काम त्यांना मिळालं. पण भरलेला ट्रक निम्म्या चढावर धापा टाकायचा. मागे गाड्यांची रांग आणि भोंग्यांचा गजर. ठेकेदार म्हणाला, "इंजिनाचा जोर वाढवा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

झालं, स्वारी गॅरेजात. बरोबर मला घेतलं, कारण चहा कोणीतरी पाजायला हवा होता.

मिस्त्री म्हणाले, "दोन उपाय आहेत. दोन्हींनी इंजिनात जास्त हवा कोंबली जाते. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की लगेच जोर, पण इंजिनाची थोडी ताकद तोच खातो. टर्बो फिरतो बाहेर जाणाऱ्या धुरावर. जोर यायला किंचित वेळ..."

"धुरावर?" साडूंचे डोळे लकाकले. "म्हणजे आपण सोडून देतो त्या धुरावर? फुकट?"

"हो, पण..."

"टर्बो बसवा!"

इतकी वर्षं धूर वाया गेला, याचं केवढं दुःख त्या चेहऱ्यावर! सासरे गेले तेव्हाही एवढं दिसलं नव्हतं.

बरं, निवड चुकली म्हणावं तर तसंही नाही. मिस्त्रींनी फक्त एक बजावलं. "चढ चढून आलात की इंजिन लगेच बंद करू नका. जरा वेळ मंद चालू राहू द्या. टर्बो तापून लाल झालेला असतो, एकदम बंद केलं तर आतलं तेल करपून बसतं."

ट्रक मग असा चढू लागला, की साडू खिडकीतून कोपर बाहेर काढून बसायचे. पण त्यांची जुनी खोड! चढ संपून सपाटी लागली की इंजिन बंद, आणि ट्रक बांधकामाच्या फाटकापर्यंत नुसता घरंगळत न्यायचा. तेवढंच डिझेल वाचलं.

मेहुणी म्हणाली, "अहो, मिस्त्रींनी काय सांगितलं होतं?"

"उभ्या गाडीला डिझेल पाजू? गाडी आहे की जावई?"

पुढे एकदा मीही सोबत होतो. ऐन चढावर शिट्टीसारखा आवाज आला, मग खरखर, मग काहीच नाही. मागे काळ्या धुराचा डोंगर. ट्रक जागच्या जागी बसला. मिस्त्रींनी येऊन टर्बो उघडला, तर दांडा जाम. तेल करपून खरवडीसारखं चिकटलेलं.

"धूरच हलका होता," साडू म्हणाले.

खबर लागून ठेकेदारही आला. त्याने तिथेच दुसरा ट्रक बोलावला, माल त्यात चढवला आणि काम त्या ड्रायव्हरला देऊन टाकलं. साडू गयावया करत होते, पण तो ऐकेना. शेवटी आम्हीही त्याच ट्रकात बसून वर गेलो. फाटकाशी त्या ड्रायव्हरने ट्रक उभा केला आणि इंजिन मंद चालू ठेवून निवांत बिडी पेटवली.

साडूंची चुळबुळ सुरू झाली. काम गेलं, टर्बो गेला, ट्रक चढावर अडकून पडलेला. तरी त्यांना राहवेना. ते पुढे वाकून म्हणाले,

"बंद करा की हो, डिझेल जळतंय!"