सातमुखी असुराचा कोंबडा

रविवारी दुपारी नात कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन आमच्या पडवीत खेळायला बसते. पत्ते नाहीत, कॅरम नाही. तोंडाने गोष्ट सांगायची आणि मध्येमध्ये फासे टाकायचे, असा तो खेळ. गोष्ट रचते माझी नात, बाकीच्या त्यातली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर. त्या रविवारी तलासरीची मुलगी आली नाही, तर नात म्हणाली, "आजी, तू बस. तू चेटकीण हो."

"हो गं, नाहीतरी घरात तेच म्हणतात मला."

आतून सून हसली.

तर त्या गोष्टीत एक असुर होता. त्या जगातली माणसं त्याला देव म्हणून पुजायची. सात तोंडं, रेड्याची शिंगं, पोटावरसुद्धा डोळे. नातीने त्याचा आवाज काढला तशी माझ्या हातातली सुकट खाली सांडली. त्याने आम्हाला मिठाच्या गुहेत कोंडलं. दार नाही, खिडकी नाही, आणि भिंती आत सरकत येतायत. योद्धीने फासा टाकला, हरली. चोरणीने टाकला, तीही हरली. "आजी, लवकर, चिरडतोय आपण!" मला खरंच दम लागला हो! मी हात जोडले आणि बोलून गेले, "देवा, बाहेर काढ, घरचा तांबडा कोंबडा देईन."

मुली हसून लोळल्या. असुराने नवस घेतला, भिंती थांबल्या, सगळ्या चहा पिऊन घरी गेल्या. मी काही त्या गुहेतून बाहेर आले नाही.

कारण दुसऱ्या दिवशी मुलाची बोट समुद्रात जायची होती. आमच्याकडे हात जोडून नवस बोललं की तो फेडेपर्यंत जिवाला चैन नाही, राहिलेला नवस घरच्यांवर उलटतो. पण फेडायचा कुठे? गावदेवीला द्यावा, तर ती म्हणेल दुसऱ्याच्या नावाचा मला कशाला?

"आजी, तो मी बनवलाय. बसमध्ये बसून," नात म्हणाली.

"मग तूच सांग, त्याचं ठाणं कुठे?"

"कुठेच नाही!"

"मग मी सुटू कुठे जाऊन?"

बोट गेली. माझ्या घशाखाली भात उतरेना. शेवटी रिक्षा करून गंजाडला भगताकडे गेले. तो म्हणाला, "बाय, देव कुठला?"

"नातीच्या खेळातला."

त्याने डोकं खाजवलं. "नवस घेतला कुणाच्या तोंडून?"

"नातीच्याच."

"मग तिच्याच तोंडून सोडवून घे. माझ्याकडे याचं काही नाही." आणि वर मलाच विचारतो, सात तोंडांना एक कोंबडा पुरतो का म्हणून!

पुढच्या रविवारी बोट अजून बाहेरच होती. मी पुन्हा खेळात बसले आणि असुराला म्हटलं, "कोंबडा घे, नाहीतर मला मोकळी कर." तलासरीची मुलगी लगेच म्हणाली, "फुकट सोडला तर तो असुर कसला?" नात माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आठवडाभर माझं ताट तसंच उठताना तिने पाहिलं होतं. मग ती त्या जाड्या आवाजात म्हणाली, "कोंबडा माझा झाला. आता तो माझ्यासाठी पाळ. कापलास तर बघ."

पोरीला वाटलं, सोडवलं आजीला.

मुलगा धडधाकट परत आला. येताक्षणी म्हणतो, "आई, उद्या तुझे जावई येतायत, तो तांबडा करू या."

मी कोंबड्यावर टोपली पालथी घातली. "बाजारातून आण दुसरा."

"का? हा कुणाचा आहे?"

मी नातीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. बापाला काय सांगणार दोघी? "म्हाताऱ्या माणसाचा हट्ट," सून म्हणाली, आणि मुलगा पिशवी घेऊन निघाला.

आता कोंबडा म्हातारा झालाय. विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, भरदुपारी उगाच आरवतो. नात म्हणते, "आजी, तो खेळ आम्ही कधीच संपवला." असेल. तुमचा संपला असेल. मी सकाळी त्याला तांदूळ टाकते, आणि कुणी बघत नसलं की हात जोडते. बोट अजून जाते ना.